रतनगड ते हरिश्चंद्रगड चार दिवस स्वतःची सॅक घेऊन: प्लॅनिंग कुठून सुरू करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच जण आहात, राजगड-तोरणा, कळसूबाई वगैरे झालंय, हिमालयातला एक ट्रेक एजन्सीबरोबर केलाय, आणि आता डिसेंबरमध्ये चार दिवस सुट्टी टाकून रतनवाडीतून निघून रतनगड, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड अशी रेंज स्वतःच्या स्वतः करायची आहे, टेंट-स्टोव्ह-रेशन सगळं पाठीवर घेऊन. प्रश्नातलं निम्मं गिअरबद्दल आहे, सॅक किती लिटरची, शूज कुठले, कोणता टेंट. त्याचं सांगतो पण नंतर, कारण गिअर ठरवायच्या आधी ज्या गोष्टी ठरायला पाहिजेत त्याच तुमच्या प्लॅनमध्ये नाहीयेत. "पहिला दिवस १२ किमी, दुसरा १६ किमी" एवढंच लिहिलंय, आणि सह्याद्रीत त्या आकड्यावरून खरं सांगायचं तर काहीच कळत नाही.

मी असा ट्रेक नेहमी मुक्कामापासून उलटा लावतो. दुपारी साडेचार वाजता आपण नक्की कुठे असणार, तिथे पाणी आहे का, आणि तिथपर्यंत कोणाचा पाय मुरगळला तर सगळ्यात जवळचा गाडीरस्ता कुठे, ही तीन उत्तरं प्रत्येक दिवसाची मिळाली की बाकीचा प्लॅन आपोआप पडतो. साडेचार का, तर डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि कात्राबाईच्या रानात त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं, झाडी दाट आहे आणि डोंगराची सावली लवकर पडते. हेडटॉर्च आहे म्हणून चालत राहू असा विचार करू नका, टॉर्चच्या उजेडात तिथे सगळ्याच वाटा सारख्या दिसतात.

वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला होता, सपाटीवर ताशी ५ किमी आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जादा. तो धडधाकट, हलकं सामान असलेल्या, चांगल्या वाटेवरच्या माणसासाठी आहे. आपल्याकडे पाठीवर दहा-बारा किलो, मधे घसारा (सुट्या माती-खडीचा उतार), मधे शिड्या, मधे पाच जणांपैकी एकाचं लेस सुटलंय आणि एकाला फोटो काढायचाय, अशा वेळी मी ताशी ३ किमी आणि प्रत्येक ३०० मीटर चढाईला एक तास धरतो, वर दुपारचा एक तास जेवणाचा. रतनवाडी ते रतनगड सरळ अंतर बघितलं तर काहीच नाही वाटणार, पण गड १२९७ मीटरवर आणि गाव भंडारदऱ्याच्या पाण्याच्या काठाला, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, वर शिड्या. सॅकसकट चार तास धरा, लवकर पोचलात तर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, जाऊन वारा खा.

आता दिवस बघू. आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम. मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी, मग घोटीवरून शेंडी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. शेंडीहून रतनवाडीला पाण्याला वळसा घालून रस्ता आहे. सकाळी अमृतेश्वराचं दर्शन घ्या, शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे, घाईत उरकू नका, त्या दिवशी तुमच्याकडे वेळ आहे. मग प्रवरेच्या पात्राच्या कडेने, ओलांडत ओलांडत वर. (प्रवरा इथेच रतनगडावर उगम पावते, म्हणजे पुढे ज्या नदीवर नेवासे वसलंय तिच्यात तुम्ही इथे बूट भिजवत जाता.) रानात एक महत्त्वाचा फाटा येतो, एक वाट गडाच्या शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. हा फाटा पहिल्या दिवशी जातानाच नीट बघून ठेवा, मागे वळून फोटो काढा, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही वरून उतरत इथे येणार आणि उलट्या बाजूने तो वेगळाच दिसतो. शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि सॅकला बाहेरून लटकवलेल्या बाटल्या-मॅट-चपला सगळं आत किंवा घट्ट बांधून. शिडीत मॅट अडकून मागे ओढला जाणारा माणूस मी दर सीझनला बघतो.

गडावर गुहेत मुक्काम होतो, कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये पाणी असतं. सगळ्याच टाक्यांचं पिण्याजोगं नसतं, आदल्या दिवशी रतनवाडीत विचारा की सध्या कुठल्या टाक्याचं पाणी पितात, हा प्रश्न गावात विचारला की दोन मिनिटात खात्रीचं उत्तर मिळतं, ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही. टाक्यात पाय घालायचे नाहीत, भांडी बुडवायची नाहीत, एका स्वच्छ भांड्याने पाणी काढून लांब जाऊन काय ते करायचं. उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून घ्या, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही.

दुसरा दिवस हा या ट्रेकचा खरा दिवस, आणि तुमच्या प्लॅनमध्ये नेमका तोच सगळ्यात कमी विचार केलेला दिसतोय. गडावरून फाट्यापर्यंत उतरायचं, तिथून कात्राबाई खिंडीत चढायचं, खिंडीत देवीचं ठाणं आहे, आणि पलीकडे कुमशेतला उतरायचं. सगळं मिळून सहा ते सात तास चालणं, म्हणजे गडावरून आठच्या आत निघालंच पाहिजे, आठ म्हणजे सॅक पाठीवर घेऊन आठ, चहा उकळतोय तेव्हा आठ नाही. फाट्यापासून कुमशेतच्या वरच्या रानापर्यंत मधे गाव नाही, रस्ता नाही, फोनला रेंज धरायचीच नाही. चार दिवसात हाच एक पट्टा असा आहे जिथून पटकन बाहेर पडता येत नाही. म्हणून खिंडीत पोचायची वेळ आधीच ठरवून टाका, मी दुपारी एक धरतो. एकपर्यंत खिंडीत नाही पोचलात तर तिथूनच परत रतनवाडी. "एवढं आलोय तर" हा शब्दप्रयोग त्या दिवसापुरता ग्रुपमधून हद्दपार करा. खिंडीतून समोर आजोबा आणि कुमशेतचा कोंबडा हे डोंगर, लांब हरिश्चंद्रगड असा पट्टा उघडतो, त्यामुळे तिथे अर्धा तास जातोच, तोही धरा.

या पट्ट्यासाठी वाटाड्या घ्या. माहितीये, "स्वतःच्या स्वतः" करायचंय. पण जीपीएक्स फाईल (वाटेची जीपीएस नोंद) फोनमध्ये असली की वाटाड्याची गरज नाही हे मला पटत नाही, दाट झाडीत आणि कड्याखाली जीपीएस २०-३० मीटर सहज इकडेतिकडे दाखवतं आणि डोंगराच्या सोंडेवर ३० मीटर म्हणजे चुकीच्या बाजूला उतरणं. रतनवाडीतूनच कोणी मिळतं, मानधन आधी स्पष्ट बोलून घ्या, त्यांचं जेवण आपल्यात धरा, आणि त्यांना परत यायचं असतं हे लक्षात ठेवा, म्हणजे कुमशेतहून परतीच्या जाण्याचे पैसेही त्यात आले. फोन करून आधीच ठरवलं तर उत्तम, डिसेंबरात भाताची झोडणी-मळणी असते आणि माणसं शेतावर असतात.

आणि वाटाड्या असला तरी वाट तुम्हीही वाचत चला. सह्याद्रीत चुकतो तो शंभरातले नव्वद वेळा ढोरवाटेने चुकतो. ढोरवाट सुरुवातीला माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली दिसते, म्हणूनच फसवते. ओळखायची कशी तर डोक्याच्या उंचीला बघा. माणसांची वाट असेल तर खांद्याच्या वरच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात, जुने छाट दिसतात, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बायका जातात त्या वाटेवर, त्यामुळे वर मोकळं असतं. ढोरवाटेवर गुडघ्यापर्यंत मोकळं आणि छातीपासून वर कारवीची झुडपं तोंडावर येतात. दुसरं म्हणजे कातळ. माणसांच्या पायाने कातळाचा उंचवटा पांढुरका, गुळगुळीत झालेला असतो, पायरीसारखा तेवढाच भाग. तिसरं, गवताचा माळ आला की ढोरवाट पंख्यासारखी पसरून पाच-सहा वाटा होते आणि संपते, माणसांची वाट माळ ओलांडून पलीकडे परत एकच होऊन झाडीत शिरते. बाण रंगवलेले असतात कुठे कुठे, पण ते कोणी कुठल्या ट्रेकसाठी रंगवलेत सांगता येत नाही, त्यांच्यावर विसंबू नका. दहा मिनिटं चालून यातलं काहीच दिसलं नाही तर पुढे शोधत बसायचं नाही, शेवटी खात्रीची वाट जिथे होती तिथे सगळ्यांनी परत यायचं, सगळ्यांनी, "मी पुढे बघून येतो" असं एकट्याने जायचं नाही.

फोनमध्ये ऑफलाइन नकाशा असूच दे, फ्लाइट मोडवर ठेवा, रात्री फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये, थंडीत बॅटरी उतरते. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची शीट छापून घ्या, त्यात दर २० मीटरला कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, असतात. घरी बसून त्यावर पेन्सिलने गावं, खिंड, पाण्याच्या जागा आणि गाडीरस्ते मार्क करा. एका संध्याकाळचं काम आहे आणि पाचही जणांनी एकत्र बसून करायचं, नाहीतर प्लॅन एकाच्याच डोक्यात असतो आणि नेमका त्यालाच ताप येतो.

कुमशेतला गाव आहे, राजूरकडून गाडीरस्ता येतो, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळी तुम्ही परत सुरक्षित. कोणाचे गुडघे गेले असतील तर इथून त्याला राजूरला पाठवा, लाजायचं काही नाही. तिसरा दिवस कुमशेतहून मुळा नदीच्या खोऱ्यातून पेठेची वाडी करत पाचनई, पाच-सहा तास, वस्त्या लागतात, मानाने सोपा, फक्त उघड्यावरचा असल्याने उन्हाचा. डिसेंबरात थंडी म्हणून लोक पाणी कमी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. पाचनईला मुक्काम. चौथ्या दिवशी पाचनईहून मंगळगंगा नदीच्या बाजूने हरिश्चंद्रगड, दोन-अडीच तास, ही गडाची सगळ्यात सोपी वाट.

इथे एक वाराचं गणित आहे. डिसेंबरातल्या शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर आणि रतनगडाच्या गुहेत जी गर्दी असते ती बघितली की तुम्ही रानात आलाय का जत्रेत कळत नाही. त्यामुळे शनिवार कुठे घालवायचा ते आधी ठरवा. रविवार ते बुधवार सुट्टी मिळाली तर सगळ्यात भारी. नाहीच मिळाली तर गुरुवारी सकाळी चालायला सुरुवात, शुक्रवार कुमशेत, शनिवारची रात्र गडावर न जाता पाचनईत कोणाच्या पडवीत, आणि रविवारी पहाटे पाचला वर निघायचं. म्हणजे वर राहिलेली मंडळी झोपेतून उठायच्या आत तुम्ही कोकणकड्यावर असाल. कड्याच्या टोकाशी पोटावर झोपूनच बघायचं, उभं राहून नाही, वारा एकदम वर फिरतो तिथे.

राहण्याबद्दल. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. त्यामुळे "रानात मस्त जागा बघून टेंट टाकू" हे डोक्यातून काढा. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरा आणि मुक्कामाचे सध्याचे नियम तिथेच विचारून घ्या, ते बदलत असतात, गडावर टेंटला परवानगी आहे का तेही तिथेच कळेल. शेकोटी नाही. वन्यजीव कायदा १९७२ मध्येच अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, वारा असतो, एक ठिणगी पुरते. प्लॅस्टिक, रेडी-टू-इटची पाकिटं, ओले टिश्यू, सगळं परत खाली. शौचाला पाण्यापासून निदान ७० पावलं लांब, वीतभर खड्डा, वरून माती, कागद पिशवीत परत.

आता म्हणाल टेंटच नको तर बॅकपॅकिंग कसलं. माझं मत स्पष्ट आहे, या रूटवर टेंट आणि स्टोव्ह दोन्ही लागत नाहीत. पहिली रात्र गुहेत, दुसरी-तिसरी गावात. गुहा भरलेली मिळेल ही भीती असेल तर रविवार-बुधवार प्लॅन करा किंवा पाच जणांत एक तीन माणसी टेंट न्या, बास. स्टोव्हची आणखी एक अडचण आहे जी कोणी बघत नाही, गॅस कॅनिस्टर रेल्वेत न्यायला परवानगी नाही, विमानात तर नाहीच नाही. म्हणजे लोकलने कसाऱ्याला उतरणार असाल तर तिथेच प्रश्न संपला. कुमशेत-पाचनईला आधी सांगून ठेवलं की गरम पिठलं-भाकरी, ठेचा, भात मिळतो, त्या घरात चार पैसे जातात, आणि तुमच्या पाठीवरचं दोन-अडीच किलो कमी होतं. इथली बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची, या रानाचं त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. रात्री जेवताना हिरडा कुठे गोळा करतात, वाघरू हल्ली कुठे दिसलं (बिबट्यालाही वाघच म्हणतात इथे) असं बोलणं काढा, दुसऱ्या दिवशीच्या वाटेची माहिती त्यातच येते. फक्त अचानक रात्री आठला पाच जण दारात जाऊन "जेवायला मिळेल का" करू नका, त्यांचा स्वयंपाक उरकलेला असतो आणि तरी ते नाही म्हणत नाहीत.

मग पाठीवर रेशन काय? चार दिवसांच्या दुपारा, पहिली रात्र आणि मधलं खाणं. तिखट-मिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात, दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर तीन. त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, लोणचं नको, गळतं. पुढच्या दोन दुपारसाठी दडपे पोहे, म्हणजे पातळ पोहे, मेतकूट, भाजलेले दाणे, मीठ-साखर घरूनच मिसळून न्यायचं, वर कांदा-लिंबू पिळलं की झालं, आग लागत नाही. गूळ-दाणे, खजूर, चिक्की प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी, कारण भूक लागते तेव्हा नेमकी खाऊची सॅक शंभर मीटर पुढे असते. माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम कोरडं खाणं खूप झालं, गावातलं जेवण धरून त्याहून कमी. बिस्किटांचे बारा पुडे आणणारा एक मेंबर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला वेळीच आवरा.

सॅक, एकदाची. ५० ते ६० लिटर पुरे, ७० ची घेतलीत तर ती भरून टाकाल. वजन असं धरा: रिकामी सॅक २ किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट ४०० ग्रॅम, कपडे दीड, खाणं २, पाणी ३, औषधं-टॉर्च-बाकी दीड. साडेअकराच्या थोडं वरच झालं. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, साठ किलोच्या माणसाला बारा म्हणजे तिथेच आलं. जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या भागात, झोपायचं सामान तळाशी, पाणी-खाणं-रेनकोट वर हाताशी. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्यावर फक्त तोल. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघून घेऊ नका, आत दहा किलो भरायला सांगून दुकानातच पंधरा मिनिटं फिरा.

कपडे दोन जोड, एक चालायचा आणि एक फक्त झोपायचा, तो कोरडाच राहिला पाहिजे. रात्री पारा दहा अंशांच्या खाली येतो, खोऱ्यातल्या गावांत तर गडापेक्षा जास्त गारठा वाटतो कारण थंड हवा खाली साचते. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट, कम्फर्टचा बघा, ५ अंशांच्या आसपासची चालेल. दुकानदार मोठ्या अक्षरातला "-५" दाखवतो, तो बहुतेकदा तिसराच, जेमतेम जीव वाचण्याचा आकडा असतो. आणि मॅटवर पैसे वाचवू नका, थंडी वरून कमी आणि खालच्या कातळातून जास्त येते.

शूज जे वापरून मुरलेत तेच. नवीन घ्यायचेच असतील तर आत्ता घ्या आणि महिनाभर ऑफिसला घालून जा. सह्याद्रीच्या कोरड्या कातळाला आणि घसाऱ्याला सोल महत्त्वाचा, घोट्यापर्यंतची उंची नाही. अर्धी जुनी मंडळी अजून ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग शूजवर फिरतात ते उगाच नाही. पायाला चटका बसायला लागला, अजून फोड आलेला नाही, त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची. "पुढच्या ब्रेकला बघू" म्हणालात की दुसऱ्या दिवशी लंगडणार.

धोके. बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, तो तुम्हाला बहुतेक दिसणारही नाही. खरी भीती आग्यामोहोळाची. कड्यांना मोठमोठी पोळी लटकलेली असतात, धूर, परफ्यूम, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही चालत नाही. डिओ घरीच ठेवा. माश्या उठल्याच तर सॅक टाकायची नाही, तोंड-मान कपड्याने झाकून झाडीतून लांब पळायचं, हात झाडायचे नाहीत, आणि कड्याच्या दिशेने तर अजिबात नाही. ग्रुपमध्ये कोणाला मधमाशीची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा, बहुतेकांना स्वतःलाच माहीत नसतं पण ज्याला माहीत असतं तोही विचारल्याशिवाय सांगत नाही.

सापाचं असं की थंडीत ते दुपारी उन्हाला कातळावर येतात. फुरसं बारकं आणि दगडासारखंच दिसतं, त्यामुळे दगडाच्या बेचक्यात न बघता हात घालायचा नाही, बसायच्या आधी काठी आपटायची. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-घड्याळ काढून टाका, अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीरस्त्याला आणि तिथून थेट राजूर किंवा अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात, मधे मांत्रिक-वैदू नको. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, चापड्यावर (हिरवा विषारी साप) नाही, तरी चापडा होता का अजून काही हे ठरवायचं काम डॉक्टरांचं, त्याला पकडायला मागे जाऊ नका.

औषधांत ओआरएसची पाकिटं भरपूर, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, तापाची आणि ॲलर्जीची गोळी, ज्याची त्याची रोजची औषधं दोन वेगळ्या सॅकमध्ये विभागून. एक शिट्टी प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला, तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत पाहिजे. घरी एका माणसाकडे लिहून ठेवा: कुठल्या रात्री कुठे, वाटाड्याचा नंबर, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. त्या माणसाकडे आणि तुमच्याकडे ११२ बरोबर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबरही असू दे. त्यांच्या टीममधले लोक नोकरी-धंदा सोडून रात्री-बेरात्री येतात, तेव्हा "वाट चुकलो, दमलोय" आणि "माणूस पडलाय" यातला फरक फोनवर नीट सांगा, कुठल्या दोन जागांच्या मधे आहात, किती जण, पाणी किती उरलंय.

तयारीला दीड-दोन महिने आहेत. जिमपेक्षा जिने. सोसायटीचे दहा मजले, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, आठवड्यातून तीनदा, उतरतानाही पायऱ्यांनीच, लिफ्टने नाही, कारण दुसऱ्या दिवशी गुडघे कात्राबाईच्या उतारावर बोलतात. आणि निघायच्या निदान तीन आठवडे आधी पाचही जण पूर्ण भरलेल्या सॅक घेऊन एक रात्रीचा ट्रेक करा, राजमाची, पेब, काहीही जवळचं. कोणाचा वेग किती, कोण सकाळी उठत नाही, कोणाची सॅक खांद्याला काचते हे सगळं तिथे कळतं, आणि वेळेचं वरचं गणित तुमच्या ग्रुपला किती लागू पडतं तेही. ठरलेला वेळ दुप्पट झाला तर ट्रेक पाच दिवसांचा करा किंवा रतनगड-कुमशेत एवढाच करा, तोही फार सुंदर ट्रेक आहे.

उतरायचं कुठून हे तुम्ही लिहिलेलंच नाही. नळीच्या वाटेने किंवा साधले घाटाने कोकणात उतरायचा मोह व्हिडिओ बघून होतो, चार दिवस चाललेल्या पायांनी आणि सॅक घेऊन तो पहिल्यांदा करायचा प्रकार नाही. खिरेश्वरला उतरा. देवळापासून बालेकिल्ल्याच्या कडेने टोलार खिंड, मग खाली, चार तास धरा, मधे रॉक पॅच, म्हणजे उघड्या कातळाचा टप्पा, आहे तिथे रेलिंग लावलंय, तरी सॅकमुळे तोल मागे जातो, तोंड कातळाकडे करून उतरा. खाली वेळ असला तर नागेश्वराचं देऊळ बघा, छतावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघण्यासारखं आहे. तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटरवर खुबी फाटा, कल्याण-नगर हायवे, एका बाजूला माळशेज उतरून कल्याण, दुसऱ्या बाजूला आळेफाट्यावरून पुणे. म्हणजे गडावरून साडेअकरापर्यंत निघालं पाहिजे, त्यानंतर निघालात तर खुबी फाट्यावर अंधारात एसटीला हात दाखवत उभं राहावं लागेल आणि रविवारी संध्याकाळी माळशेजकडून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. गाड्यांच्या वेळा निघायच्या आदल्या आठवड्यात डेपोत फोन करून घ्या, इंटरनेटवर जुन्याच फिरत असतात. तारखा आणि वार नक्की झाले की लिहा, रतनवाडीत वाटाड्यासाठी कोणाला विचारायचं ते सांगतो.